हीटर चालू होता, तरीही बदलला

मत्स्यटाक्यांची देखभाल करणे हा माझा व्यवसाय असल्याने बंद पडलेले हीटर बदलणे नित्याचेच आहे; परंतु व्यवस्थित चालणारा हीटर बदला, असे टाकीच्या मालकांना पटवून देण्याची वेळ क्वचितच येते.

टाकी 200 लिटरची होती आणि तिच्यात एंजलफिश, निऑन टेट्रा व तळाशी वावरणारे कोरिडोरास होते. तक्रार हीटरबद्दल नव्हतीच. मासे अधूनमधून पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवतात, मग तासाभराने पूर्ववत होतात, एवढेच मालकांनी सांगितले होते. माशांच्या विष्ठेतून पाण्यात साठणारी अमोनिया व नायट्राइट ही विषारी द्रव्ये दोन्ही शून्य आढळली, फिल्टरचा प्रवाहही चांगला होता. हीटर मात्र 26 अंशांवर लावलेला असताना पाणी 28.5 अंशांवर होते, आणि तरीही त्याचा दिवा पेटलेलाच होता.

थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान ठरवणारी, चकती थोडी सरकली असती, तर मी तीच खाली फिरवून विषय संपवला असता, कारण नेमका आकडा चुकणे हा जुन्या हीटरचा फारसा गंभीर दोष नव्हे. म्हणून निर्णय न देता कमाल-किमान तापमानाची नोंद ठेवणारा डिजिटल थर्मामीटर टाकीत सोडला. दुसऱ्या दिवशी किमान 24.6 आणि कमाल 29.1 ही नोंद मिळाली, तेव्हा प्रश्न चकतीचा नाही हे स्पष्ट झाले. पाणी 25 वरून 30 अंशांकडे गेले की त्यात विरघळू शकणारा प्राणवायू लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅमवरून 7.5 पर्यंत उतरतो, आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढते.

“अहो, पाणी गरम होतंय ना? मग हीटर बिघडला कसा?” मालकांनी विचारले. प्रश्न रास्त होता, पण हीटरची परीक्षा तो तापतो का यावर नसते, तर वेळेवर थांबतो का यावर असते. अशा साध्या हीटरमध्ये दोन धातूंची पट्टी उष्णतेने वाकते आणि विजेचे टोक सोडते; दर वेळी टोके विलग होताना बारीक ठिणगी पडते, त्यामुळे ती काळवंडतात, त्यांना खड्डे पडतात आणि अखेरीस कधीतरी ती एकमेकांना चिकटून बसतात. मग थांबणे नाही. 300 वॅटचा हीटर 200 लिटर पाणी पाऊण तासाला जवळपास एक अंश तापवू शकतो. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता वजा केली, तरी एका रात्रीत काय होईल हे सांगायला नको.

प्लग काढून हीटर अर्धा तास पाण्यातच निवू दिला, कारण तापलेली काच हवेत आणली की तडकू शकते. बाहेर काढल्यावर टोपणाखालच्या काचेवर आतून दव जमलेले दिसले, म्हणजे रबरी सीलही गेले होते. एवढ्यावरच तो बाद ठरत होता. वीज आणि पाणी यांच्यामधला पडदा फाटला की तापमानाची चर्चा गौण ठरते. मालकांना मात्र तो अडीअडचणीसाठी जपून ठेवायचा होता! अखेर वायर कापून, नळी कापडात गुंडाळून फोडली आणि ती टोके त्यांच्या हातात दिली: एकावर कोळशासारखा काळा खड्डा, दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा. त्यानंतर हीटर जपून ठेवण्याचा आग्रह राहिला नाही.

एका मोठ्या हीटरऐवजी 100 वॅटचे दोन हीटर टाकीच्या दोन टोकांना बसवले. एक चिकटून बसला तरी एकट्याने तो पाणी फार तापवू शकत नाही, आणि एक बंद पडला तर दुसरा निदान काही काळ धकवून नेतो. “हे किती वर्षं चालतील?” या प्रश्नाला मी वर्षांचा आकडा दिला नाही, कारण झीज उघडझापीवर अवलंबून असते. त्याऐवजी तो थर्मामीटर तिथेच ठेवला आणि कमाल व किमान यांतील फरक दीड अंशाच्या वर जाऊ लागला की मला बोलवा, असे सांगितले.