प्लॉटचं भाडं घेता, मग वर काम कशाला?

"ताई, प्लॉटचे ४० डॉलर घेता ते ठीक. पण वर सीझनला आठ तास काम कशाला? ही दुहेरी वसुली नाही का?"

फॉर्म भरताना तुम्ही हे विचारलंत, आणि न्यू जर्सीतल्या, भाजीपाल्यासाठी लोकांना प्लॉट भाड्यानं देणाऱ्या आमच्या या सार्वजनिक बागेची व्यवस्था बघायला लागल्यापासून दर हिवाळ्यात कोणी ना कोणी मला हेच विचारतं. गेटपाशी थंडीत उभं राहून मी "नियम आहे हो" म्हणते आणि सुटका करून घेते. तुम्ही दोनदा विचारलंत म्हणून आज जरा बैजवार सांगते.

आधी पैशाचं. २० बाय २० फुटांचा तुकडा, साधारण मध्य एप्रिलपासून ऑक्टोबर संपेपर्यंत, त्याचे ४० डॉलर. जमीन टाउनशिपची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, ती आपल्याला नावापुरत्या भाड्यानं दिली आहे. जमा झालेल्या पैशांतून पाण्याचं बिल जातं, विमा जातो, गवत कापायच्या मोअरचं पेट्रोल जातं आणि लोकांना ऐकून हसू येतं, पण सगळ्यात मोठा खर्च कोपऱ्यातल्या भाड्याच्या संडासाचा आहे. एवढं झालं की खात्यात उरतं ते एखादा होजपाइप फाटला तर नवा आणण्यापुरतं. म्हणजे तुम्ही भाडं भरता ते पाण्याचं आणि संडासाचं. बाग त्यात येत नाही.

तुमच्या प्लॉटला चारी बाजूंनी सुतळी बांधलेली असेल. तिच्या आतलं सगळं तुमचं. वांगी लावा, मिरच्या लावा, नुसती झेंडूची फुलं लावा, आमचं काही म्हणणं नाही. सुतळीबाहेर मात्र वाटा आहेत, कुंपण आहे, नळ आहेत, कंपोस्टचे कप्पे आहेत, शेड आहे. हे कोणाच्याच नावावर नाही. आणि अशा बागा मोडतात त्या सुतळीच्या आतून नाही, बाहेरून मोडतात.

वाटांचंच बघा. झाडं तोडणाऱ्या कंपन्या लाकडाचा चुरा, म्हणजे वुडचिप्स, आपल्याला फुकट आणून टाकतात, कारण दुसरीकडे टाकायला त्यांनाच पैसे पडतात. पण ट्रकवाला ढीग ओततो तो गेटच्या आत, तिथून पुढे तो आपला. व्हीलबॅरो भरायची, वाटेवर ओतायची, चार इंचांचा थर होईल असा पसरायचा. मे संपायच्या आत हे झालं नाही तर जूनमध्ये वाटेवर बाइंडवीड पसरतं. दिसायला गोड, पांढरी-गुलाबी कर्ण्यासारखी फुलं. मुळं माणसाच्या उंचीपेक्षा खोल जातात आणि खुरप्यानं तोडली तर प्रत्येक तुकड्याला नवा कोंब येतो. तुम्ही आपला प्लॉट आरशासारखा लख्ख ठेवलात तरी ती वेल वाटेवरून येऊन तुमच्या टोमॅटोला विळखा घालणार.

कुंपणाची गोष्ट वेगळी नाही. हरणं वरून येतात म्हणून ते आठ फुटी आहे, आणि ग्राउंडहॉग नावाचा गुबगुबीत प्राणी खालून येतो म्हणून तळाशी जाळी बाहेरच्या बाजूला वाकवून मातीत पुरलेली आहे. दर वसंतात कोणीतरी गुडघे टेकून ती सगळी जाळी हातानं चाचपत फिरावं लागतं. भोक पडलं तर ज्याच्या प्लॉटशेजारी पडलं त्याचंच नुकसान होईल असं नाही, ज्याची श्रावणघेवड्याची रोपं कोवळी त्याचं होतं.

रोगाचं तर बोलायलाच नको. २००९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या या सगळ्या ईशान्य भागात टोमॅटोवर लेट ब्लाइट आला होता. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक ज्यानं कुजवलं, तोच हा रोग. त्या वर्षी तो मोठमोठ्या दुकानांत विकलेल्या रोपांबरोबर घरोघरच्या बागांत पोचला, उन्हाळा पावसाळी आणि थंड निघाला, आणि वाऱ्यानं बाकीचं काम केलं. पानांवर तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी, आणि बघता बघता अख्खं झाड काळं. अशा वेळी एक सोडून दिलेला प्लॉट शेजारच्या सगळ्यांना महागात पडतो. म्हणून रोगट झाड दिसलं की आम्ही मालकाची वाट बघत नाही. ते उपटून पिशवीत बांधून कचऱ्यात जातं, कंपोस्टमध्ये नाही. यावर एकदोघं माझ्यावर अजून रागावलेले आहेत.

माझं माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरेकाठचं. धुळे-नाशिककडची फड पद्धत तुम्ही ऐकली असेल. नदीवर बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. शेकडो वर्षं हे गावांनीच चालवलं. पाणी द्यायला पाटकरी, पिकांवर नजर ठेवायला जागल्या. कोणाचं शेत कितीही मोठं असो, आपल्या मनानं पाट फोडायचा नाही. आणि हंगामाआधी पाटातला गाळ काढायचा तो सगळ्यांनी मिळून. जमीन ज्याची त्याची, पाट मात्र सगळ्यांचा, आणि गाळ साचला की शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही एवढं तिथं लहान पोरालाही कळतं. आपल्या बागेत पाण्याचा प्रश्न नाही, नळ सोडला की धो धो येतं. बहुधा त्यामुळेच इथं हे पटवून द्यावं लागतं. गाळ डोळ्यांना दिसत नाही.

मग तुमचा दुसरा प्रश्न, की काम करायचं नसेल तर १०० डॉलर जास्त घ्या आणि मोकळं करा. काही बागांमध्ये अशी सोय असते. आमच्या कमिटीतही दरवर्षी कोणीतरी हा ठराव मांडतं आणि दरवर्षी मी विरोधात हात वर करते. इस्रायलमधल्या हायफा शहरातल्या पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. युरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या दोघांचा. मुलांना न्यायला आईबाप उशिरा येतात म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला. झालं काय, उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी वाढले. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता पैसे मोजले की प्रश्न मिटला. पुढे दंड काढून टाकला, तरी आकडा पूर्वीवर आला नाही. आपल्या यादीत निम्मी घरं आयटीतली. १०० डॉलर कोणालाच जड नाहीत. सगळे पैसे भरतील, खात्यात रक्कम दिसेल आणि व्हीलबॅरोला हात लावायला माणूस नसेल. मग लँडस्केपिंगवाल्याला बोलवा, त्याचं कोटेशन बघा, आणि पुढच्या वर्षी भाडं किती करायचं ते तुम्हीच सांगा.

आणि ज्याला तो १०० चा आकडा खरोखर जड आहे, अशी माणसंही यादीत आहेत. तुम्हाला ती ओळखू येणार नाहीत. एका बागेत पैसे देणारे आणि राबणारे अशा दोन जाती मला करायच्या नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांना फावडं झेपतं का? नाही झेपत, आणि तशी अटही नाही. वेटिंग लिस्ट सांभाळणं काम आहे. नळाची गळती टाउनशिपला कळवून पाठपुरावा करणं काम आहे. मार्चमध्ये खिडकीत टोमॅटोची रोपं वाढवून देणं काम आहे. रात्रपाळी करणाऱ्या एक नर्सबाई आहेत, त्या पहाटे घरी जाताना फक्त कुंपणाला एक चक्कर मारतात आणि फोटो पाठवतात. त्यांचे तास सगळ्यांच्या आधी पूर्ण होतात.

आपल्या लोकांचा एक प्रकार निराळा आहे. प्लॉट मुलाच्या नावावर असतो आणि बागकाम करतात भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा. काय सुंदर करतात! ओळीत पेरलेली मेथी, जाड सुतळीवर चढवलेली तोंडली, अळूला नळाच्या सांडपाण्याची जागा. बाबा दिवसभर बागेत आणि "आपल्या प्लॉटमध्ये गवत वाढलं आहे" ही माझी ईमेल मुलाच्या इनबॉक्समध्ये न उघडता पडलेली. मग सप्टेंबरात आईबाबा परत जातात आणि दोन आठवड्यांत प्लॉट पोरका होतो. दुधीचा मांडव कोसळतो तो नेमका वाटेवर. तसंच जून-जुलैचं. शाळा सुटली की घरं महिना-दीड महिना भारतात, आणि इथं वाढ सगळ्यात जोरात असते ती त्याच दिवसांत. जायला कोणाची ना नाही. जाण्याआधी जोडीदार ठरवा, तो पाणी घालेल आणि काकड्या तोडून नेईल, एवढंच मागणं आहे. काकड्या तोडल्या नाहीत तर वेल नवी फुलं धरायची थांबते, म्हणजे त्यानं नेल्या तर फायदा तुमचाच. हे पटायला काहींना दोन उन्हाळे लागले. आईबाबांनी वर्कडेला, म्हणजे सगळ्यांनी मिळून काम करायच्या दिवशी, काम केलं तर ते तास मुलाच्या नावावर धरतो, ही माझी सवलत, कमिटीची नाही.

वर्कडे म्हणजे वेठबिगारी नव्हे. जूनमधल्या एखाद्या शनिवारी येऊन बघा. प्लॉट नसलेली हायस्कूलची मुलं येतात, त्यांना शाळेसाठी समाजसेवेचे तास भरून हवे असतात. फॉर्मवर सही मिळेपर्यंत जरा चुळबुळतात, मग चिखलात मजेत खेळतात. वाटांमधलं तण काढून टबात टाकायचं चाललेलं असतं. ती मुलं आणि इथले जुने लोक सरसकट सगळं उपटून टबात टाकतात, आणि त्या टबापाशी आपल्या दोन-तीन बायका बसून निवडत असतात. लालसर देठाची, जमिनीसरशी पसरलेली, जाडसर गुळगुळीत पानांची घोळ. पानांमागे पीठ भुरभुरल्यासारखी पांढरट छटा असलेला चाकवत. इथं ही दोन्ही निव्वळ तणं आहेत, फुकट आणि भरपूर. घोळ घेताना देठ मोडून बघायचा. दूध आलं तर ती घोळ नव्हे, स्पर्ज नावाचं तसंच दिसणारं विषारी तण आहे, ते टाकून द्यायचं. घोळीच्या देठातून नुसतं पाणी येतं. गेल्या वेळी टबातून निघालेल्या चाकवताची ताकातली भाजी डब्यात घालून एका आजींनी पुढच्या शनिवारी आणली आणि उपटणाऱ्या मुलांना चमचा-चमचा दिली. एका मुलानं तिसरा चमचा मागितला, दुसऱ्यानं तोंड वाकडं केलं.

एक सामायिक वाफाही आहे, त्यातली भाजी फूड पँट्रीला, म्हणजे गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या केंद्राला जाते. जास्तीची भाजी वाया घालवण्यापेक्षा पँट्रीत द्यावी म्हणून वेस्ट मिलफर्डमधली कम्युनिटी गार्डन सांभाळणाऱ्या गॅरी ओपनहायमर यांनी २००९ मध्ये याच न्यू जर्सीतून अँपल हार्वेस्ट ही वेबसाइट सुरू केली, कोणत्या गावात कुठली पँट्री ताजी भाजी घेते हे तिथं सापडतं. चांगल्या मनानं दिलेल्या अन्नावरून देणाऱ्याला कोर्टात खेचता येऊ नये म्हणून १९९६ पासून इथं कायदाही आहे, तेव्हा ती भीती मनातून काढा. फक्त कारली पाठवू नका. पाठवून बघितली आहेत.

भांडणं होतात का? होतात. मांडवाच्या सावलीवरून होतात, म्हणून मांडव सहा फुटांपेक्षा उंच नको आणि सुतळीपासून दोन फूट आत हवा. पुदिन्यावरून होतात, म्हणून पुदिना कुंडीतच. टोमॅटो चोरीला जातात तेव्हा सगळ्यांना कॅमेरा हवा असतो. माझं मत असं, की ज्या बागेत शनिवारी वीस माणसं असतात आणि एकमेकांना नावानं ओळखतात, तिथं चोरी कमी होते. जागल्या परवडत नसला की सगळ्यांनीच थोडं थोडं जागायचं.

तर आठ तासांचं हे असं आहे. एवढं ऐकून पटलं नाही तर मला राग नाही, गावात रविवारचा शेतकरी बाजार चांगला भरतो आणि कोणी वर्कडेला बोलावत नाही. पटलं तर फॉर्मच्या मागे कामांची यादी आहे, त्यातल्या दोनांवर खूण करा. फॉर्म मार्चच्या पंधरा तारखेच्या आत हवा. नळ एप्रिलच्या मध्यावर सुरू होतात, त्याआधी सोडले तर थंडीत पाइप फुटतात. टोमॅटो, मिरची, वांगी मेच्या मध्याआधी लावू नका, दुकानात रोपं एप्रिलपासून दिसली तरी. पहिला वर्कडे त्याच सुमारास, सकाळी नऊला. फावडी आहेत, व्हीलबॅरो आहेत. हातमोजे तेवढे घरून आणा. शेडमध्ये आहेत, पण सगळे डाव्या हाताचे उरलेत.