बीमची वही : जून ते डिसेंबर

इथली मागची नोंद मे महिन्यात लिहिली होती, त्यानंतर थेट आज. मध्ये स्पर्धा लागोपाठ आल्या आणि संध्याकाळ हॉलमध्येच संपायची. पण वही एकही दिवस न चुकता भरली आहे, म्हणून आकडे पक्के आहेत.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला आमचा छोटा क्लब आहे. स्पर्धेच्या तुकडीत नऊ मुली, वयं 9 ते 14. आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स, म्हणजे व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून उडी), अनइव्हन बार्स (एक उंच, एक खाली अशा दोन दांड्या), बीम (उंचावरची चार इंच रुंद फळी) आणि फ्लोअर ही चार साधनं. मुख्य शिकवणं सरांचं. मी दिवसभर बँकेत असते, साडेसहानंतर बीम आणि फ्लोअर माझ्याकडे. हॉल आमचा स्वतःचा नाही. रोज गाद्या अंथरायच्या आणि साडेआठला गुंडाळून भिंतीशी लावायच्या, कारण नंतर बॅडमिंटनवाले येतात.

मागच्या मोसमात जिल्हा स्पर्धेत आमच्या चार मुली बीमवरून मिळून सात वेळा खाली आल्या. एकदा पडलं की पूर्ण एक गुण जातो. सात वेळा पडणं म्हणजे चौघींचे मिळून सात गुण, आणि तिसऱ्या क्रमांकाचा संघ आमच्यापुढे जेमतेम दोन गुणांनी होता. त्या रात्री घरी येऊन मी वहीच्या पहिल्या पानावर फक्त "7" लिहिलं. या वर्षीचं सगळं काम त्या आकड्यापासून सुरू झालं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात सर आणि मी बसलो. माझं म्हणणं साधं होतं. बीमवर फ्लिक, म्हणजे बॅक हँडस्प्रिंग (मागे उडी घेऊन हातांवरून पुन्हा पायांवर), बी दर्जाची उडी आहे, तिचे कठीणतेचे गुण 0.2. बॅक वॉकओव्हर (उडी न मारता मागे कमान करून एकेक पाय वरून नेणं) त्याहून सोप्या ए दर्जाचा, त्याचे 0.1. फरक एका दशांशाचा. आमच्या मुलींची फ्लिक तीनातून एकदा पडत होती. एका दशांशासाठी आपण दर वेळी एक गुण पणाला लावतोय. शिवाय पडण्याच्या भीतीने पुढचे तीन-चार घटक आखडतात, ते नुकसान वेगळंच.

सरांना हे पटकन पटलं नाही. "कठीण करायचं नाही तर मुली पुढे जाणार कशा?" हा त्यांचा प्रश्न आणि तो खराच आहे. वरच्या पातळीवर उड्यांची सिरीज लागतेच, फ्लिकवाचून तिथे काही चालत नाही. शेवटी ठरलं ते असं: फ्लिक सोडायची नाही, ती बुटक्या बीमवर चालू ठेवायची. स्पर्धेच्या रूटीनमध्ये मात्र तीच गोष्ट घालायची जी सरावात दहातून नऊ वेळा टिकते. वहीत मुलीच्या नावापुढे दहा चौकोन. टिकलं तर बरोबरची खूण, पडलं तर गोल.

पालकांना समजावणं जास्त जड गेलं. एक आई मला जिन्यातच थांबवून म्हणाल्या, "ताई, गेल्या वर्षी ती फ्लिक मारायची. या वर्षी नाही. मग ती मागे गेली का?" मी त्यांना वही दाखवली. फ्लिकच्या ओळीत सहा गोल होते, वॉकओव्हरच्या ओळीत एकही नाही. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तिला दाखवलंत का?" दाखवलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून वही मुलींच्याच हातात दिली, आणि या सहा महिन्यांतला सगळ्यात चांगला बदल तिथून झाला.

आता पद्धत अशी आहे. एक मुलगी बीमवर, तीन मुली खाली भिंतीला टेकून बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर कागद. त्या पंच. गुणांकनाचे दोन भाग असतात: डी म्हणजे काय केलं याची कठीणता आणि ई म्हणजे कसं केलं. ई दहापासून सुरू होतो आणि खाली खाली येतो. छोटी चूक 0.1, मधली 0.3, मोठी 0.5. पायाचा अंगठा ताणलेला नाही, 0.1. तोल सावरायला हात जोरात फिरवला, 0.3. आधी मी हे तोंडाने कितीदा सांगितलं होतं, पण दुसरीचे गुण कापताना मुलींना स्वतःचा वाकलेला गुडघा दिसायला लागला. सर्वात कडक पंच आमची नऊ वर्षांची आहे. एकदा तिने मोठ्या मुलीला ई 6.4 दिला. मोठी चिडली, मग मोबाइलवरचं रेकॉर्डिंग दोघींनी हळू करून पाहिलं आणि मोठीने स्वतःच एक 0.1 आणखी कापला.

मोठ्या स्पर्धांतही ई कसा बोलतो हे त्यांना दाखवायला मी दीपा कर्माकरच्या रिओच्या अंतिम फेरीचे आकडे फळ्यावर लिहिले. 14 ऑगस्ट 2016. त्या रात्री मी जागी होते, तुमच्यापैकी बरेच जण जागे असतील. पहिला व्हॉल्ट 14.866. दुसरा प्रोदुनोव्हा (हातांवरून उसळून हवेत पुढे दोन कोलांट्या), कठीणता 7.0, ई 8.266, एकूण 15.266. सरासरी 15.066 आणि चौथा क्रमांक. कांस्यपदक 15.216 ला गेलं. मुलींनी वजाबाकी केली: 0.150. "म्हणजे एका व्हॉल्टमागे दोन छोट्या चुकासुद्धा नाहीत," एक म्हणाली. त्या प्रोदुनोव्हाला ती उतरताना किती खाली बसली होती ते मग आम्ही पाहिलं. दीपाच्या धाडसाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे, भारतीय मुलीने ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ती उडी मारली हे आठवून आजही अंगावर काटा येतो. पण आमच्या मुलींना त्या दिवशी वजाबाकी कळली आणि मला तेच हवं होतं.

त्याच अंतिम फेरीत 41 वर्षांची ओक्साना चुसोवितिनाही होती, हेही सांगितलं. तेराव्या वर्षी "आता उशीर झाला" असं घरी ऐकणाऱ्या मुली आमच्याकडे दोन आहेत.

जुलै-ऑगस्टबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाऊस, ओलसर गाद्या, कुबट वास, हात घसरतात म्हणून मॅग्नेशियम (हाताला लावायची पांढरी पूड) दुप्पट लागलं. अनइव्हन बार्स आमच्याकडे नाहीत, म्हणून दर रविवारी सकाळी ट्रान्सहार्बर लोकलने नवी मुंबईतल्या एका हॉलला जातो. सहा मुली, दोन पालक आणि मी. गाडीत डबे उघडतात, तळहाताची सालपटं एकमेकींना दाखवली जातात. किप, म्हणजे बारला लटकून झोक्याने हात सरळ ठेवून वर येणं, दोघींची बसली. बाकीच्यांची अजून हात वाकवून वर येतेय.

सप्टेंबरमध्ये एक अडचण आली ती नोंदवायला हवी. आमची तेरा वर्षांची मुलगी एप्रिलपासून जवळजवळ पाच सेंटिमीटर उंच झाली. अचानक तिचा साधा फुल टर्नही (एका पायावरची पूर्ण गिरकी) डळमळायला लागला. ती रडकुंडीला आली, कारण चूक कुठे आहे ते तिला कळत नव्हतं. चूक कुठेच नव्हती. शरीराची लांबी बदलली की गुरुत्वमध्य सरकतो, आणि पायाला जुनाच हिशोब पाठ असतो. आम्ही तिला तीन आठवडे उंच बीमवर चढूच दिलं नाही. जमिनीवरच्या पांढऱ्या पट्टीवर टर्न, मग बुटका बीम, मग वर. तिने बीमवर खडूने एक बारीक रेघ मारून घेतली, टर्न संपल्यावर टाच जिथे यायला हवी तिथे. रोज सराव संपल्यावर ती रेघ ओल्या फडक्याने पुसायची आणि दुसऱ्या दिवशी नव्याने मारायची. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एकदा रेघ मारायला विसरली आणि टाच बरोबर तिथेच आली. मी तिला सांगितलं नाही, वहीत लिहिलं.

अशा वयात मुलींच्या वजनाबद्दल हॉलमध्ये कुणी एक शब्दही बोलायचा नाही, हा नियम आम्ही या वर्षी पालकांनाही लागू केला. यावर माझी तडजोड नाही.

जिल्हा स्पर्धा ऑक्टोबरच्या मध्यात झाली. संघात चार मुली, प्रत्येक साधनावर वरचे तीन गुण धरायचे. सुरुवात व्हॉल्टने झाली, ठीक गेली. बार्सवर आम्ही मागे पडलो, ते अपेक्षितच होतं. मग बीम. तिथल्या बीमचं वरचं कापड आमच्यापेक्षा गुळगुळीत होतं आणि वॉर्मअपमध्ये दोघी घसरल्या. आयोजकांना सांगून उपयोग झाला नाही. चौघींना बाजूला घेऊन मी एवढंच म्हटलं की रूटीनमध्ये असं काहीही नाही जे तुम्ही दहातून नऊदा केलेलं नाही.

पहिली गेली, टिकली. दुसरी स्प्लिट लीपनंतर डावीकडे इतकी झुकली की मी डोळे मिटणार होते. एक पाय हवेत, हात पसरलेले, आणि चार इंचांच्या फळीवर उजव्या पायाची बोटं अक्षरशः बीम पकडून होती. 0.5 गेले असतील, पण ती खाली आली नाही. तिसरी आमची उंच झालेली. तिचा टर्न चालू असताना माझं लक्ष फक्त टाचेकडे होतं. टाच आली. ऐंशीव्या सेकंदाची घंटा वाजली तेव्हा ती उतरण्याच्या तयारीत होती, वेळेच्या आत उतरली, एक छोटं पाऊल मागे. चौथी पडली, एकदा. परत चढायला दहा सेकंद मिळतात. तिने ती पूर्ण वापरली, हाताला मॅग्नेशियम लावलं, श्वास घेतला, वर चढली आणि उरलेलं रूटीन स्वच्छ केलं. गेल्या वर्षी हीच मुलगी पडल्यावर लगेच घाईने चढून दुसऱ्यांदा पडली होती.

सात पडझडींची या वर्षी एक झाली. संघाला रौप्य. दोन मुली विभागाला गेल्या आणि त्यातली एक, उंच झालेली, राज्य स्पर्धेला. क्लबमधून राज्यापर्यंत पोचलेली ती सहा वर्षांतली पहिली. राज्याला ती बीमवर पडली नाही. क्रमांक मधल्या फळीत आला, कारण वरच्या मुलींची कठीणता आमच्या बरीच पुढे होती. सरांचं जूनमधलं म्हणणं मला तिथे गॅलरीत बसून पुरतं पटलं. परत येताना गाडीत ती म्हणाली, "ताई, त्यांची फ्लिक माझ्या वॉकओव्हरसारखी होती. विचारच करत नव्हत्या."

ठाण्यासाठी राज्य-राष्ट्रीय पातळी परकी नाही हेही मुलींना सांगते. आपल्या ठाण्याच्या संयुक्ता काळेने 2022 मध्ये हरियाणातल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये पाच सुवर्णपदकं घेतली. आमचा प्रकार वेगळा, पण लोकल आणि पाऊस तोच.

डिसेंबरचा हिशोब असा. बुटक्या बीमवर फ्लिक तिघींची दहातून सात-आठ टिकतेय, जूनमध्ये साडेसहाच्या आसपास होती. नऊ झाली की उंच बीमवर, खाली दोन थर गाद्या लावून. त्याआधी फ्लिक उंच बीमवर न्यायची नाही असं सरांनी स्वतःहून सांगितलं. किप अजून चौघींची बाकी आहे आणि त्यासाठी रविवार एक पुरत नाही, बुधवारी सकाळी एखादा हॉल मिळतो का ते बघतेय.

एक विचारायचं आहे. आमच्या बुटक्या बीमचं रेक्झिन दोन ठिकाणी फाटलंय आणि सुताराकडून नवीन चढवून घ्यायचंय. ज्यांनी लाकडी बीमवर हे काम करून घेतलंय त्यांनी खाली फोम किती जाडीचा ठेवला, आणि पावसाळ्यात तो ओल धरतो का, तेवढं सांगा. जानेवारीच्या पहिल्या सोमवारच्या आत करून घ्यायचंय, त्या दिवशी वहीचं नवीन पान सुरू होतं.