एका टिंबाचा घोटाळा : एक्झिम सावरताना आलेला अनुभव

एका छोट्या पतसंस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळत असे. त्यावर एक्झिम या मेल पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरची ४.८९ ही आवृत्ती चालत होती आणि ती मी स्वतः सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधून बसवलेली होती. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी, म्हणजे शनिवारी, एक्झिमच्या विकासकांनी सुरक्षेतील दोषांबद्दल एक इशारा प्रसिद्ध केला, तो मी रविवारी सकाळी वाचला. दोष ४.८८ आणि ४.८९ या आवृत्त्यांत होते. म्हणजे मी आळस करून जुन्या ४.८७ वरच थांबलो असतो, तर या प्रकरणातून आयताच सुटलो असतो.

दोष दोन होते. सीव्हीई-२०१७-१६९४३ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा दोषाचा नोंदणी क्रमांक) हा अधिक गंभीर होता, कारण त्यातून बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता येण्याची शक्यता होती. सीव्हीई-२०१७-१६९४४ हा सेवा ठप्प करणारा होता, आणि खरे सांगायचे तर तोच मला आधी नीट समजला. पाठवणारा सर्व्हर पत्राचा मजकूर दोन आज्ञांनी देऊ शकतो. नेहमीच्या डेटा आज्ञेत पत्राचा शेवट ओळीवर एकटे टिंब देऊन दाखवतात. चंकिंग, म्हणजे पत्र तुकड्यांत पाठवण्याच्या सोयीतल्या, बीडॅट आज्ञेत मात्र पुढे किती बाइट येणार हे आधीच सांगितलेले असल्यामुळे टिंबाला काहीच विशेष अर्थ उरत नाही. एक्झिमने बीडॅटचा मजकूर वाचतानाही त्या टिंबाची जुनी तपासणी तशीच ठेवली होती. नेमक्या जागी टिंब घातलेला मजकूर पाठवला, की ती प्रक्रिया अनंत फेऱ्यात अडकत असे आणि स्टॅक, म्हणजे कामापुरती मिळालेली मेमरी, संपवत असे. यासाठी पासवर्ड लागत नव्हता, मेल स्वीकारणारे पंचविसावे पोर्ट उघडे असले की पुरे. आमच्याकडे एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा मूळचीच, म्हणजे २० होती. तेवढ्या प्रक्रिया अडकून पडल्या असत्या, तर खातेदारांची पत्रे दारातूनच परत फिरली असती.

दुरुस्त आवृत्ती तेव्हा हाती नव्हती. तात्पुरता उपाय एका ओळीचा होता : मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये ‘चंकिंग_ॲडव्हर्टाइज_होस्ट्स’ लिहून बरोबरच्या चिन्हापुढे काहीही न लिहिणे. त्यामुळे सर्व्हर चंकिंगची जाहिरात करत नाही आणि बीडॅट वापरता येत नाही. ओळ घालण्यापूर्वी मी मुख्य लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, चाळला. बीडॅटने आलेल्या पत्राच्या नोंदीत एक्झिम ‘के’ हे अक्षर टाकतो, आणि तशा बऱ्याच नोंदी सापडल्यामुळे मी क्षणभर थबकलो. परंतु चंकिंग दिसले नाही तर पाठवणारे सर्व्हर मुकाट्याने डेटा आज्ञेवर येतात, हे आठवले आणि पुढे गेलो.

ओळ घातली, फाइल तपासली, चूक नव्हती. मग टेलनेट या साध्या जोडणीच्या प्रोग्रामने पंचविसाव्या पोर्टवर जाऊन एहलो, म्हणजे सर्व्हरला त्याच्या सोयी विचारणारी आज्ञा, म्हटले, तर उत्तरात ‘२५०-चंकिंग’ ही ओळ जशीच्या तशी! दोन वेळा फाइल उघडून पाहिली, स्पेलिंग अक्षर अक्षर लावून वाचले. घोटाळा माझाच होता : चालू असलेला डीमन, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा एक्झिम, कॉन्फिगरेशन सुरू होतानाच वाचतो, आणि ते पुन्हा वाचायला लावणारा हँगअपचा सिग्नल मी त्याला दिलेलाच नव्हता. तो दिल्यावर पुन्हा एहलो म्हटले आणि ती ओळ दिसेनाशी झाली. त्यानंतर चालू प्रक्रिया दाखवणारा टॉप हा प्रोग्राम उघडून प्रोसेसर खात बसलेली एखादी जुनी एक्झिम प्रक्रिया आहे का, हेही पाहिले, कारण आधीच अडकलेली प्रक्रिया नव्या ओळीमुळे सुटणार नव्हती. तशी एकही नव्हती.

दुपारी व्यवस्थापकांचा फोन आला. “सोमवारी मेल चालू राहील ना?” एवढेच त्यांनी विचारले, आणि मी “हो साहेब, राहील” एवढेच सांगितले.

काही दिवसांत ४.८९.१ आली, दोन्ही दोष त्यात दुरुस्त झाले होते. ती बांधून बसवली, पण चंकिंगची ती रिकामी ओळ मी लगेच काढली नाही. पुढे ४.९० बसवताना ती काढली, आणि त्याच सायंकाळी लॉगमध्ये ‘के’ पुन्हा दिसू लागले.