'अधांतर'साठी गिरणगाव शोधताना

जयंत पवारांचं 'अधांतर' हे मुंबईच्या गिरणगावातलं, म्हणजे कापड गिरण्यांच्या वस्तीतलं नाटक आमच्या ग्रुपने करायला घेतलं तेव्हा दिग्दर्शकाने मला सांगितलं, "पोरांना गिरणगाव माहीत नाही. तू माहिती काढ." पोरं म्हणजे आमचे नट, सगळे २००० नंतर जन्मलेले. लोअर परळला फिनिक्स मॉल आहे तिथे फिनिक्स नावाची गिरणी होती, हे त्यातल्या दोघांनाच ठाऊक होतं.

मी गिरणी कामगारांच्या संपापासून सुरुवात केली. ग्रंथालयात बसून १९८२च्या वर्तमानपत्रांच्या फायली काढल्या. कागद इतका जीर्ण की पान उलटताना कडा हातात यायच्या. आठवडाभरात वही भरली. बोनसवरून १९८१च्या दिवाळीत ठिणगी पडली, स्टँडर्ड मिलचे कामगार थेट कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या घाटकोपरच्या घरी जाऊन धडकले, १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. एक गोष्ट मात्र उलगडेना. एवढा कामगार सामंतांच्या मागे, मग सरकार त्यांच्याशी बोलायला तयार का नाही? उत्तर सापडलं १९४६च्या बीआयआर, म्हणजे बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्यात. एका भागातल्या एका उद्योगात एकाच युनियनला मान्यता, आणि गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. हा कायदाच रद्द करा, अशी संपाची एक मागणी होती. ते वाचल्यावर पगारवाढीइतकाच हा प्रश्न आपल्या माणसाला आपला म्हणता येण्याचा होता, हे मला पटलं.

वही घेऊन तालमीला गेले, तासभर वाचून दाखवलं. आईचं काम करणारी मुलगी सगळं ऐकून म्हणाली, "ताई, हे कळलं. पण ही बाई स्टोव्हला रॉकेल कुठून आणते?"

तिचं बरोबर होतं. नाटक संपानंतरच्या वर्षांचं आहे. गिरणी बंद, मुलं मोठी झालेली, हाताला काम नाही. नाटकातल्या धुरी कुटुंबाच्या घरात रोजचा दिवस कसा ढकलला जात असेल, याची माझ्या वहीत एक ओळही नव्हती.

मग काळाचौकीच्या चाळी धरल्या. ओळखीतून एका आजींकडे पोचले. मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर, आणि त्या स्वतः खाणावळ चालवायच्या. बायकामुलं गावी ठेवून एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गडी अशाच बायकांच्या हातचं जेवायचे. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या खाणावळवाल्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला. आजींकडे चौदा गडी होते. संप लांबला तसे एकेक करून गावी गेले. उधारीची वही त्यांनी अजून ठेवलीय. शाळेची, दोनरेघी, पाठीमागे पाढे छापलेली. पेन्सिलीने लिहिलेले आकडे पुसट झालेत, नावं मात्र त्या न बघता म्हणून दाखवतात.

नटांसाठी आणखी एक गोष्ट तिथेच मिळाली. साच्यांच्या धडधडाटात उभं राहून आयुष्य काढलेला माणूस घरातही मोठ्यानेच बोलतो. तोवर आमच्या तालमीत चढा आवाज म्हणजे भांडण, असं सरसकट धरलं जात होतं. दुसऱ्या दिवशी पहिला प्रवेश आम्ही नव्याने बसवला. साधं "चहा दे"सुद्धा चढ्या आवाजात, रागाशिवाय. दोन भिंतींमधली ती दाटी पहिल्यांदा जाणवली.

निघताना मी आजींना सहज विचारलं, संप मिटला तेव्हा तुम्ही काय केलंत? त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

"मिटलो कधी, बाय? मागे कोणी घेतलोच नाय."

घरी येऊन वही उघडली. पहिल्या पानावर मी 'संप : १९८२-८३' असं ठळक लिहिलं होतं. त्यातलं ८३ खोडलं.