मों ब्लांला उलटी प्रदक्षिणा: गाईडबाईंच्या मागे अकरा दिवस

पहिल्याच सकाळी नणंदेच्या लक्षात आलं की आपण प्रदक्षिणा उलटी घालतोय. देव उजव्या हाताला हवा, आणि मों ब्लां तर अकराही दिवस डाव्या हाताला राहणार. "वहिनी, हे काही बरं नाही," ती म्हणाली. गाईडबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, बहुतेक सगळे याच दिशेने जातात. सुलटे जाणारेही असतात. त्यांचा अर्धा दिवस समोरून येणाऱ्यांना "बोंजूर" म्हणत बाजूला होण्यात जातो.

टूर द्यू मों ब्लां म्हणजे आल्प्समधल्या मों ब्लांच्या डोंगररांगेला घातलेला सुमारे १७० किलोमीटरचा फेरा. सुरुवात फ्रान्समध्ये, मग इटली, स्वित्झर्लंड आणि परत फ्रान्स. शिखरावर जायचं नसतं. वाटेतल्या सर्वांत उंच खिंडी २६६५ मीटरच्या, त्यामुळे हिमालयातल्यासारखी विरळ हवेची धास्ती नाही आणि दोरही लागत नाही. दमवतो तो रोजचा चढउतार. सगळा चढ मिळून १०,००० मीटरच्या आसपास जातो आणि तेवढंच उतरावंही लागतं.

मी ५१ वर्षांची, ठाण्यात बँकेत नोकरी, सह्याद्रीत पंचवीस वर्षं भटकलेली. नणंद माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, भाभा अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेली. हा ट्रेक तिनेच काढला. तिचं कारण वेगळं होतं, त्याकडे येतेच.

आधी गाईडचा प्रश्न, कारण परतल्यापासून प्रत्येकजण तेच विचारतोय. वाट सापडायला गाईड लागत नाही. फाट्याफाट्यावर पाट्या आहेत, स्वित्झर्लंडमधल्या पिवळ्या पाट्यांवर तर अंतराऐवजी चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो. नाणेघाटात पहिल्यांदा जाणारा माणूस जितका चुकेल त्याच्या निम्म्यानेही इथे चुकणार नाही. तरी आम्ही गाईड घेतला, आणि तिसऱ्या दिवशी त्याचे पैसे वसूल झाले.

पहिला चढ लेझूश गावातून कोल द व्होझाचा. कोल म्हणजे खिंड. ही खिंड १६५३ मीटरवर, म्हणजे आपली कळसूबाई (१६४६) तिच्यापेक्षा सात मीटरनी बुटकी. महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराएवढं चढून आपण त्यांच्या पहिल्या किरकोळ खिंडीत उभे, हे पचवायला मला एक कॉफी लागली. आमची गाईडबाई पन्नाशीची, त्याच खोऱ्यात वाढलेली. चाल अशी की पालखीसोबत निघाल्यासारखी. मी दोनदा पुढे गेले, दोन्ही वेळा तिने काही न बोलता काठीने मागे यायची खूण केली. गटात नऊजण होतो आणि सगळ्यांनाच ती चाल हळू वाटत होती. दुपारी ले कोंतामीनला उतरलो तेव्हा एकही जण धापा टाकत नव्हता. त्यानंतर मी मुकाट्याने मागे राहिले.

दुसऱ्या दिवशी नोत्र दाम द ला गोर्जच्या देवळापासून फरसबंदीची जुनी वाट चढते. वर क्रुआ द्यू बोनॉमच्या खिंडीत (२४७९ मीटर) जुलैच्या पहिल्या आठवड्यातही बर्फाचे पट्टे होते. बर्फ टाळायचा असेल तर जुलैच्या मध्यानंतर जा. झोपड्यांचा, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या घरांचा, हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालतो.

आता तिसरा दिवस. मुक्कामावरून पुढे दोन वाटा फुटतात. एक कोल दे फूरवरून, उंच आणि देखणी, हीच ती २६६५ मीटरवाली. दुसरी सरळ खाली ले शाप्यू वस्तीत. मी महिनाभर त्या उंच वाटेचे फोटो बघत होते. सकाळी सहाला गाईडबाई दारात उभी राहून वरच्या उतारावरचं धुकं बघत होती. नाश्त्याला आली आणि म्हणाली, आज खालून. वर बर्फ कडक आहे, धुकं आहे आणि दुपारी विजा आहेत. गटातल्या आयरिश मास्तरांनी हुज्जत घातली. मीही थोडी घातली, खोटं कशाला बोलू. ती ऐकून घेत होती आणि ब्रेडला जॅम लावत होती.

खाली उतरलो, ले शाप्यूहून विल दे ग्लासिएपर्यंत छोटी बस पकडली आणि अकराच्या सुमारास मोतेच्या झोपडीपाशी पोचलो. इथून कोल द ला सेन्य (२५१६ मीटर) ओलांडलं की इटली. आकाश अजून निळं होतं, फक्त दक्षिणेला एक ढग फुलकोबीसारखा वर वर फुगत होता. बाईने पाठीवरची सॅक काढली, सूप मागवलं आणि सांगितलं, बसा. अर्धा तास झाला, ऊन होतं. तास झाला, तरीही ऊन. दुसरा एक गट आमच्यासमोरून वर निघून गेला आणि मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांना अडवलंय. दीडच्या सुमारास पहिला गडगडाट झाला. मग गारा आल्या, आवळ्याएवढ्या नाही, पण वाटाण्याएवढ्या नक्की, पत्र्यावर अशा वाजत होत्या की शेजारचं बोलणं ऐकू येईना. पुढे गेलेला गट तासाभराने परत आला. एक मुलगी थरथरत होती, तिला बोलता येत नव्हतं. खिंडीच्या उघड्या धारेवर विजांच्या वेळी लपायला एक झुडूपही नसतं.

तीनला पाऊस थांबला. बाईने पुढच्या झोपडीत फोन करून उशीर होणार असल्याचं कळवलं आणि आम्ही निघालो. खिंडीत पाचला पोचलो तेव्हा इटलीच्या बाजूचा सगळा कडा धुऊन काढल्यासारखा लख्ख होता. मास्तरांनी तिला स्वतःजवळची चॉकलेटची वडी दिली. तेवढंच.

गाईड घेताना एक गोष्ट तपासा. अशा वाटांवर जो गाईड येतो त्याच्याकडे मध्यम उंचीच्या पर्वतांचा परवाना असतो. हिमनदीवर दोर लावून न्यायला त्याला परवानगी नाही, त्यासाठी हाय माउंटन गाईड वेगळा. स्वस्तात "गाईड" देणाऱ्याला परवाना कोणता हे सरळ विचारावं. हा व्यवसाय तिकडे जुना आहे. १८२० मध्ये मों ब्लां चढणाऱ्या डॉ. हामेल यांच्या तुकडीवर हिमप्रपात कोसळला आणि तीन गाईड गाडले गेले. पुढच्याच वर्षी मों ब्लांच्या पायथ्याच्या शामोनी गावातल्या गाईडांनी आपला संघ उभा केला, तो आजही चालू आहे.

झोपड्या म्हणतेय खरी, पण त्या दगडी, दोन-तीन मजली आणि चोख असतात. दारात बूट काढायचे, घरातल्या चपला घालायच्या, काठ्या बाहेरच्या पिंपात. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. झोपायला सामायिक खोलीत बंक, ब्लँकेट मिळतं, पण त्याच्या आत स्वतःचा पातळ लायनर (पिशवीसारखं अस्तर) सक्तीचा. रेशमी घ्या, वजन नगण्य. कानात घालायचे बोळे घ्याच, कारण घोरण्याला कुठल्याच देशाची सीमा नाही. बऱ्याच ठिकाणी गरम अंघोळीचं टोकन विकत घ्यावं लागतं आणि पाणी काही मिनिटांतच बंद होतं. नणंद डोक्याला साबण लावून अशीच अडकली. बाहेरून मला हाका मारत होती, आणि मी टोकन घेऊन येईपर्यंत रांगेतल्या एका डच बाईंनी आपलं टोकन आत सरकवलं. जेवण सातला म्हणजे सातला, सगळ्यांना एकत्र. रोख युरो जवळ ठेवा.

सामानाची गाडी असते, माणशी एक बॅग, सहसा १५ किलोपर्यंत. पण जिथे रस्ताच नाही तिथे ती येत नाही. बोनॉम, एलिझाबेट्टा आणि बोनात्ती या झोपड्यांतल्या तीन रात्री पाठीवरच्या सॅकमध्ये जे आहे तेच. आम्हाला हे आमच्या एजंटने सांगितलं नव्हतं, आणि नणंदेच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत राहता राहता राहिल्या. औषधं नेहमी अंगाजवळ.

त्याच एजंटने "व्हेज सगळं अरेंज केलंय" असंही छातीठोकपणे सांगितलं होतं. दुसऱ्या रात्री झोपडीत कोणाला पत्ताच नव्हता. त्यांनी बिचाऱ्यांनी आम्लेट आणि चीझ दिलं, मसूर दिले, काही कुरकुर केली नाही. अंडं चालत असेल तर या भागात उपाशी राहणार नाही. इटलीत पोलेंटा मिळतो, मक्याच्या पिठाचा, आपल्या उकडपेंडीची लांबची बहीण. पण काटेकोर शाकाहारी असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. भाज्यांच्या सुपाचा रस्साही मांसाचा असू शकतो, आणि बोफोरसारखी इथली पारंपरिक चीझ दूध विरजताना वासराच्या पोटातलं रेनेट वापरून करतात. जैन मंडळींना हा ट्रेक स्वतःचं खाणं नेल्याशिवाय कठीण. झोपडीतला नाश्ता म्हणजे ब्रेड, जॅम, कॉफी. डोंगर चढायला मला तो पुरत नाही. आम्ही नेलेला चिवडा चौथ्या दिवशी संपला, चिक्की मात्र शेवटपर्यंत पुरवली.

इटलीतले तीन दिवस सगळ्यांत सुंदर. बेर्तोनेपासून बोनात्तीपर्यंतची वाट डोंगराच्या पोटातून आडवी जाते, समोर ग्रांद जोरासची भिंत, पायाशी फुलं, मधूनच मार्मोटची (खारीच्या कुळातला जाडजूड डोंगरी प्राणी) शिट्टी. काही सांगायचंच नाही, जा आणि बघा. मेंढ्यांच्या कळपाजवळ पांढरा दांडगा कुत्रा दिसला तर थांबा, लांबून वळसा घाला, काठी उगारू नका. त्याला तेच काम दिलेलं असतं.

ग्रां कोल फेरे (२५३७ मीटर) ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये उतरल्याबरोबर माझा फोन गेला. "युरोप" म्हणून घेतलेल्या सिममध्ये स्वित्झर्लंड नव्हतं, कारण तो देश युरोपियन युनियनमध्ये नाही. व्हिसाला शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा), सिमला बाहेर. घेताना यादीत नाव वाचा. चलनही तिथे फ्रँक. ला फुली, शांपे, त्रियाँ हे तीन मुक्काम गावांतले, चाल सोपी, महागाई अफाट. याबद्दल एवढंच.

उतारांनी माझा डावा गुडघा त्रियाँपर्यंत बोलायला लागला होता. तयारी करताना आपण सगळे चढाचा सराव करतो. उतरण्याचाही करा, पाठीवर आठ किलो घेऊन, आणि दोन दिवस लागोपाठ. दोन्ही हातांत काठ्या हव्यात, एक नव्हे. काठ्या विमानात केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इनमध्ये टाका. आणि लाज सोडून लिफ्ट (तारेवरचे पाळणे) आणि बस वापरा. अनेक टप्प्यांवर त्या आहेत, गाईडही वापरायला लावतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. बरेचजण विमान जिनिव्हाला उतरतं म्हणून स्विस व्हिसाला अर्ज करायला निघतात. अर्ज जिथे जास्त रात्री काढणार त्या देशाकडे करायचा. आमच्या बारा रात्रींपैकी सहा फ्रान्समध्ये होत्या, म्हणून फ्रान्स. मोठ्यांची फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. पण तेवढ्यावर भागवू नका. विम्यात डोंगरातली पायपीट किती उंचीपर्यंत धरलीय आणि हेलिकॉप्टरने सुटका धरलीय का, हे लेखी घ्या. फ्रान्समध्ये डोंगरातली सुटका सहसा फुकट, स्वित्झर्लंडमध्ये बिल येतं. आणीबाणीत ११२. झोपड्यांचं बुकिंग आदल्या शरदापासूनच सुरू होतं, त्यामुळे जुलैत जायचं तर दिवाळीच्या फराळाबरोबर ठरवा. आम्हाला गाईड, मुक्काम, सकाळ-संध्याकाळचं जेवण धरून माणशी साधारण २,००० युरो लागले, विमान वेगळं.

शेवटच्या दिवशी फ्लेजेरहून प्लांप्राझकडे जाताना दरीपलीकडे मों ब्लां पूर्ण समोर येतो. २०२३ च्या मोजणीत त्याची उंची ४८०५.५९ मीटर भरली. माथ्यावर बर्फच असल्याने ती दर मोजणीला बदलते. त्याच्या अंगावरून एक पांढरा-निळा ओघ थेट जंगलापर्यंत उतरलेला दिसतो. ती बोसों हिमनदी. नणंद आली होती ती यासाठी.

२४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं बोइंग ७०७, नाव 'कांचनजंगा', मुंबईहून दिल्ली, बैरुतमार्गे जिनिव्हाला उतरत असताना या डोंगरावर आदळलं. ११७ जण गेले, त्यांत होमी भाभा. त्याआधी १९५० मध्ये मुंबईहूनच निघालेलं 'मलबार प्रिन्सेस' जवळपास तिथेच कोसळलं होतं, ४८ जण घेऊन. नणंद ट्रॉम्बेला नोकरीला लागली तेव्हा भाभांना प्रत्यक्ष पाहिलेले लोक तिथे अजून होते. त्यांच्याकडून ऐकलेलं ती आम्हाला दर जानेवारीत सांगते.

गाईडबाईने काठीने दाखवलं, वर कुठे ते, आणि मग काठी हळूहळू खाली आणली. बर्फात पडलेलं हिमनदी अशी खाली वाहून आणते, वर्षानुवर्षं. १८२० च्या त्या तीन गाईडांचे अवशेष चाळीसेक वर्षांनी याच हिमनदीच्या पायथ्याशी सापडले. २०२० मध्ये तिथल्या एका कॅफेवाल्याला बर्फातून निघालेली भारतीय वर्तमानपत्रं मिळाली, इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी असलेली. ओली, पण वाचता येण्याजोगी.

नणंद बराच वेळ बघत होती. मग तिने सॅकच्या वरच्या कप्प्यातून चिक्कीचं शेवटचं पाकीट काढलं, गुडघ्यावर आपटून तुकडे केले आणि पहिला तुकडा गाईडबाईंना दिला. माझ्या गुडघ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, तू प्लांप्राझहून पाळण्याने जा. मी चालत उतरते."

प्लांप्राझच्या वरच्या ब्रेव्हाँ शिखरावरून लेझूशपर्यंतचा तो उतार जवळजवळ १५०० मीटरचा आहे. ती संध्याकाळी सहाला पोचली.