तुम्ही विचारलंत म्हणून: घरबसल्या लिहायला शिकता येतं का?

शाळेच्या ऑफिसात, भिशीत, परवा तर मंडईत मेथी निवडून घेतानाही मला हाच प्रश्न आला. "नोकरी सांभाळून, घरात बसून, लिहायला शिकता येतं का हो? आणि पुण्यात राहून त्यासाठी बाहेरच्यांकडे कशाला जायचं?"

दुसरा प्रश्न रास्त आहे. 1906 साली स्थापन झालेली साहित्य परिषद आपल्या टिळक रोडवर आहे. व्याख्यानं, कविसंमेलनं, प्रकाशन समारंभ, ऐकायला या गावात कधी कमी पडत नाही. पण मला ऐकायचं नव्हतं. मी लिहिलेलं कुणीतरी ओळ न् ओळ वाचावं आणि कुठे खोटं वाटतंय ते सांगावं, एवढंच हवं होतं. घरचे "छान आहे" म्हणतात. मैत्रिणीही तेच म्हणतात. त्यांचा दोष नाही, त्यांना मी माहीत आहे.

मी पेठेतल्या एका जुन्या शाळेत लिपिक आहे. एका ब्रिटिश विद्यापीठाच्या सर्जनशील लेखनाच्या अर्धवेळ ऑनलाइन अभ्यासक्रमाला मी प्रवेश घेतला. वेळेचा हिशेब आधी सांगते, कारण बहुतेकांचं तिथेच अडतं. तिकडे एक क्रेडिट म्हणजे 10 तासांचा अभ्यास. वर्षाचे 60 क्रेडिट घेतले म्हणजे 600 तास झाले, आठवड्याला जवळजवळ बारा. आपल्या इग्नूचीही इंग्रजीतून सर्जनशील लेखनाची पदविका आहे, पण तिथे एका क्रेडिटला 30 तास धरतात, तेव्हा नुसत्या क्रेडिटच्या आकड्यांची तुलना करू नका. गटाची चर्चा त्यांच्या संध्याकाळी सहाला असते. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्यांची घड्याळं तासभर मागे गेली की साडेअकरा. ओटा पुसायचा, दूध फ्रिजमध्ये ठेवायचं आणि स्वयंपाकघरातच लॅपटॉप उघडून बसायचं. जमतं. दमायला होतं, पण जमतं.

आता खरं उत्तर. त्यासाठी मला एका दाखल्याची गोष्ट सांगावी लागेल. ओळखू येईल असं काही मी त्यात ठेवलेलं नाही.

सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत मागायला आले होते. मुलाकडे परदेशी जायचं होतं, पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा हवा होता. मी जनरल रजिस्टर काढून दाखला लिहिला. वर्तणूक: चांगली. प्रगती: बरी. शाळा सोडण्याचे कारण: सतत गैरहजर. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "गैरहजर नव्हतो हो. पानशेत झालं."

पुढच्या स्वाध्यायासाठी मी हाच प्रसंग लिहिला. मी आधी मराठीत लिहिते आणि मग स्वतःच इंग्रजी करते. गृहस्थांचे भरून आलेले डोळे, माझं हेलावलेलं मन, सगळं घातलं होतं. आठवड्याने शिक्षिकेचे शेरे आले. पहिला शेरा होता, "पानशेत हे माणसाचं नाव आहे का?"

तो वाचून मी बराच वेळ बसून राहिले. आपल्याकडे पानशेत म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. 12 जुलै 1961, बुधवार. बांधकाम पुरं न झालेलं पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. हे सगळं त्या एका शब्दाच्या जिवावर सोडून मी डोळ्यांतल्या पाण्यावर परिच्छेद लिहिला होता.

दुसरा शेरा त्याहून साधा होता. "रजिस्टरच्या त्या पानावर आणखी कोण आहे?"

ते मी पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं ती रजिस्टरं मी हाताळते आहे, पण ज्याचा दाखला हवा त्याची ओळ वाचून पुस्तक मिटायची सवय. दुसऱ्या दिवशी डबा खाऊन झाल्यावर ते कपाटातून काढलं. पानांच्या खालच्या कडा फुगलेल्या, शाई जांभळी होऊन पसरलेली. रजिस्टरही पुरात भिजलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आणि ऑगस्ट 1961 मध्ये, एकाच निबने, एकाच हातानं, सात मुलांची नावं कमी केलेली. सातही ठिकाणी कारण तेच: सतत गैरहजर. शेऱ्याचा रकाना सातही ठिकाणी कोरा.

'नाव कमी केले' याला इंग्रजी शोधताना माझे दोन दिवस गेले. त्यांच्याकडचा रुळलेला शब्द घ्यावा तर त्यात शिक्षेचा वास येतो. आपल्या शब्दात शिक्षा नाही, नुसती वजाबाकी आहे. शेवटी मी तो मराठीतच ठेवला आणि लिपिकाचा हात सात वेळा खाली येताना दाखवला. माझं हेलावलेलं मन काढून टाकलं.

तर, शिकता येतं का? लिहिणं कुणी हातात देत नाही. पण पाहिलंय असं समजून आपण काय काय सोडून देतो, ते दाखवता येतं. आणि मला ते पुण्याबाहेरच्या माणसाने दाखवलं, कारण तिला पुण्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. खोलीत समोर बसली असती तर मी तोंडी समजावून मोकळी झाले असते. लांब असल्यामुळे मला ते कागदावरच आणावं लागलं. शेरा लेखी असतो हेही फार मोलाचं वाटतं. ऐकलेलं मत दुसऱ्या दिवशी आपल्या सोयीचं होतं, लिहिलेला शेरा तसाच समोर राहतो.

म्हणून फी भरण्याआधी एवढंच विचारा: माझं लिखाण कोण वाचणार, वर्षातून किती वेळा, आणि शेरे लिहून मिळणार का? व्हिडिओ किती तासांचे आहेत हे विचारू नका. प्रमाणपत्राचं तर मी बोलतच नाही.

ती कथा आता मी पुन्हा मराठीत लिहिते आहे. मागच्या रविवारी सासूबाईंना वाचून दाखवली. पूर आला तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या, शनिवार पेठेत राहायच्या. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "पाणी उतरल्यावर गाळाला वास यायचा गं. भिजलेल्या धान्याचा. तो कुठाय यात?"

तो रजिस्टरमध्ये नव्हता. मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले.