तुम्ही विचारलंत म्हणून: री:इन्व्हेंटला कुठली सेशन्स घेऊ?

ऑक्टोबर लागला की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी यायला लागतो. 'मॅडम, कंपनीने वेगास मंजूर केलंय. सेशन्स कुठली घेऊ?' विचारणारे बहुतेक हिंजवडी-खराडीतले, चार-सहा वर्षं क्लाउडवर काम केलेले. वेगास म्हणजे ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसची, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर आणि डेटाबेस भाड्याने देणाऱ्या एडब्ल्यूएसची, री:इन्व्हेंट परिषद. २०१२ पासून ती लास वेगासला भरते. २०२० साली कोविडमुळे ऑनलाइन झाली, तेवढा अपवाद. पहिल्या वर्षी सहा हजारांच्या आसपास माणसं होती, आता साठ हजारांच्या घरात असतात. हल्ली तारीख थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, लगेच पुढच्या आठवड्यातली असते. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. ज्या सेशनचं नाव वाचताच तुमची उडी पडते, ते बहुधा घेऊ नका. मोठ्या सभागृहातली तासाभराची व्याख्यानं, ज्यांना तिथे ब्रेकआउट म्हणतात, ती रेकॉर्ड होतात आणि थोड्याच दिवसांत यूट्यूबवर फुकट येतात. मुख्य भाषणं तर थेटच दिसतात. वेगासला सकाळचे आठ म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेनऊ. जेवणं उरकून, सोफ्यावर पाय पसरून बघता येतात. सर्व्हर न सांभाळता कोड चालवून देणाऱ्या लॅम्डा या सेवेची घोषणा २०१४ साली याच परिषदेत झाली, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी ती घरी बसूनच ऐकली. त्यांचं काही अडलं नाही.

तेव्हा ज्याचं रेकॉर्डिंग होत नाही, ते कॅलेंडरवर आधी टाका. चॉक टॉक, वर्कशॉप, बिल्डर्स सेशन. वर्कशॉप दोन तासांचं असतं. तात्पुरतं अकाउंट तेच देतात, लॅपटॉप आपला. बिल्डर्स सेशनला एका टेबलाभोवती मोजकी माणसं आणि मध्ये त्यांचा एक जाणकार. आणि चॉक टॉक. माझ्या मते सगळ्या प्रवासाचे पैसे वसूल होतात ते इथे.

चॉक टॉकची खोली लहान असते. पुढे पांढरा फळा आणि बहुतेकदा दोन वक्ते. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं स्लाइड्स होतात, मग मार्करचं टोपण उघडतं आणि पुढचा वेळ प्रश्न विचारणाऱ्यांचा. डायनॅमोडीबी या एडब्ल्यूएसच्या डेटाबेसवरच्या अशाच एका खोलीत मागच्या रांगेतला एक जण उठला. त्याच्या ऑर्डर्सच्या टेबलाची पार्टिशन की, म्हणजे कुठली नोंद कुठल्या कप्प्यात जाईल हे ठरवणारा रकाना, होती तारीख, आणि सेल लागला की लिहिणं अडायचं. वक्त्याने फळ्यावर सहा-सात चौकोन काढले, एकात 'आज' लिहिलं आणि सगळे बाण त्याच चौकोनात नेले. एका पार्टिशनला, म्हणजे कप्प्याला, सेकंदाला लेखनाची १,००० आणि वाचनाची ३,००० युनिट्स, एवढीच मर्यादा. टेबलाला वरून कितीही क्षमता द्या, आजचा सगळा भार त्या एका चौकोनावर. कोणीतरी सुचवलं, तारखेला शून्य ते नऊपैकी एक आकडा जोडा, म्हणजे लिहिणं दहा ठिकाणी वाटलं जाईल. लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला, 'मग एका दिवसाच्या ऑर्डर्स वाचायला दहा क्वेरी मारायच्या?' वक्ता थांबला आणि पहिल्या माणसालाच विचारलं, 'दिवसाच्या सगळ्या ऑर्डर्स एकदम वाचतं कोण?' तो जरा विचारात पडला. रात्री एकदा चालणारा एक रिपोर्ट, बाकी कोणी नाही. संपलं. ऑर्डर क्रमांक की झाला, रिपोर्टसाठी वेगळी सोय, आणि फळा पुसला गेला.

यातली मर्यादा, आकडा जोडायची युक्ती, सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये छापलेलं आहे. 'वाचतं कोण?' हे मात्र समोर बसलेल्या माणसालाच विचारावं लागतं. म्हणून निघण्याआधी आपल्या कामातले अडलेले दोन-तीन प्रश्न कागदावर उतरवा. क्लायंटचं नाव झाकून, आकडे गोल करून, अर्ध्या मिनिटात उभं राहून सांगता येतील इतके आटोपशीर. हाच कागद मॅनेजरपुढे ठेवा. 'नेटवर्किंग होईल' म्हटल्यावर त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. 'हा प्रश्न आपण तीन स्प्रिंट (कामाचे दोन-तीन आठवड्यांचे टप्पे) पुढे ढकलतोय, तो ज्यांनी ही सर्व्हिस बांधली त्यांना विचारून येते' म्हटलं की सही होते.

आता दुसरी गोष्ट. सेशनच्या नावाआधी हॉटेलचं नाव वाचा. परिषद एका इमारतीत नसते. लास वेगास स्ट्रिप नावाच्या रस्त्यावर दक्षिणेला मँडले बे, मग एमजीएम ग्रँड, पुढे सीझर्स फोरम, व्हेनेशियन, उत्तरेला विन. टोकापासून टोकापर्यंत पाचेक किलोमीटर. आयोजकांच्या बसेस असतात, पण स्ट्रिपवरच्या ट्रॅफिकमध्ये त्या अडकतात आणि हॉटेलच्या आतलं चालणं वेगळंच. लिफ्टमधून उतरलात की समोर कसिनो. खोलीपासून सभागृहापर्यंतची वाट जुगाराच्या यंत्रांमधूनच जाते, आणि ती मुद्दाम तशी आखलेली आहे. खिडकी नाही, घड्याळ नाही, सिगारेटचा धूर आणि त्यावर मारलेलं अत्तर. व्हेनेशियनमध्ये तर वरच्या मजल्यावर कालवा आहे, त्यात गोंडोला फिरतात, आणि छतावर आभाळ रंगवलेलं आहे, त्यामुळे आत कायम पाच वाजल्यासारखं वाटतं. त्या आभाळाखाली गळ्यात बिल्ला अडकवलेली माणसं फोनवरच्या नकाशाकडे बघत गोल गोल फिरताना दिसतील.

माझा नियम साधा आहे: अर्धा दिवस, एक हॉटेल. सकाळ व्हेनेशियनला तर दुपारच्या जेवणापर्यंत व्हेनेशियनच. मध्ये हॉटेल बदलायचं असेल तर तासभर मोकळा ठेवा. राखीव जागा असली तरी सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी पोचला नाहीत तर ती वॉकअपच्या, म्हणजे राखीव जागा नसलेल्यांच्या, रांगेतल्या माणसाला देतात. राखीव जागांची नोंदणी साधारण ऑक्टोबरात एका ठरलेल्या दिवशी उघडते, तेव्हा आपल्याकडे रात्र असते आणि गाजलेली चॉक टॉक्स तात्काळ तिकिटांसारखी डोळ्यांदेखत भरतात. आवडीची यादी आधीच करून ठेवा. नाही मिळालं तर वॉकअपची रांग आहेच; काही जागा मुद्दाम तिच्यासाठी ठेवतात. त्या रांगेत कंटाळा येत नाही. मागून मराठीत कोणीतरी आपल्या आर्किटेक्टला शिव्या घालत असतं, ओळख काढायला तेवढं पुरतं.

तिसरी गोष्ट झोपेची, आणि ती कोणी विचारत नाही. वेगास आपल्या साडेतेरा तास मागे. तिथले दुपारचे तीन म्हणजे आपल्या शरीराचे पहाटेचे साडेचार. जेवण झालेलं, सभागृह अंधारं, खुर्ची मऊ, पडद्यावर चौथी आर्किटेक्चरची आकृती: पहिले दोन-तीन दिवस कितीही कॉफी प्या, मान पडतेच. दुपारी हात चालवायला लावणारं काहीतरी घ्या, वर्कशॉप किंवा बिल्डर्स सेशन. व्याख्यान एखादं घ्यायचंच असेल तर सकाळी. शक्य असेल तर शनिवारी पोचा. थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार अमेरिकेत घरी परतणाऱ्यांचा असतो, विमानतळांवर पाय ठेवायला जागा नसते. त्यात आपलं इमिग्रेशन आणि सामान बहुतेकदा अमेरिकेतल्या पहिल्याच थांब्यावर होतं, वेगासला नाही. पुढच्या विमानाला दीड तासाचं अंतर ठेवणाऱ्या ट्रॅव्हल डेस्कशी भांडा.

पैशांचं थोडक्यात. २०२४ साली पूर्ण पास २,०९९ डॉलर होता, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास. सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण त्यात येतं, शाकाहारी मिळतं, चवीबद्दल अपेक्षा ठेवू नका आणि मेतकूट बरोबर न्या. हॉटेलच्या जाहिरातीतल्या भाड्यावर रोजची 'रिसॉर्ट फी' वेगळी लागते, ती कधी कधी खोलीच्या भाड्याच्या अर्धी असते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. हे मंजुरी घेतानाच लिहा, नंतर अकाउंट्सवाले ऐकत नाहीत. शिवाय बऱ्याच वर्षी गुरुवारच्या सुमारास गावात रोडिओचे, म्हणजे काउबॉयांच्या घोडे-बैलांवरच्या खेळांचे, राष्ट्रीय सामने सुरू होतात आणि खोल्या महागतात. लिफ्टमध्ये अचानक काउबॉय टोप्या दिसायला लागल्या तर दचकू नका, ते कुठल्या स्टार्टअपचं मार्केटिंग नाही.

व्हिसा हा मात्र खरा अडथळा. ज्यांच्या पासपोर्टवर दहा वर्षांचा बी-१/बी-२ (कामानिमित्त भेट किंवा पर्यटनाचा व्हिसा) आधीच आहे, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. बाकीच्यांना मुंबईत बायोमेट्रिक आणि बीकेसीतल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात मुलाखत अशा दोन वेगळ्या तारखा घ्याव्या लागतात, आणि पहिल्या मुलाखतीची तारीख कित्येक महिने पुढची मिळू शकते. ऑक्टोबरात मंजुरी आणि डिसेंबरात परिषद हे गणित नव्या व्हिसावाल्याचं सहसा जमत नाही. आधी व्हिसा, मग पास. उलटं केलंत तर पास रद्द करायची शेवटची तारीख तरी वाचून ठेवा. परिषदेचं निमंत्रणपत्र मिळतं, पण ते व्हिसाची हमी नाही. मुलाखतीत कुठे, कशाला, किती दिवस, खर्च कोण करतंय, एवढं सरळ सांगा. लॅम्डासारखं सर्व्हरलेस तंत्रज्ञान समजावून सांगायला जाऊ नका.

एक्स्पो हॉलबद्दल वेगळा प्रश्न येतो: 'तिथे किती वेळ द्यायचा?' एक दुपार. स्टॉलवाले टी-शर्ट, मोजे, बाटल्या देतात आणि बदल्यात तुमचा बिल्ला स्कॅन करतात. मग होळीपर्यंत त्यांचे ईमेल येत राहतात. ज्यांचं सॉफ्टवेअर तुम्ही आधीच वापरताय, त्यांच्या स्टॉलवर मात्र जरूर जा. सपोर्ट तिकिटात महिनाभर लोळत पडलेला बग तिथे उभा असलेला इंजिनिअर लॅपटॉप उघडून बघतो. इथेही तो कागद कामी येतो.

कंपनीचा लॅपटॉप नेणार असाल तर वर्कशॉपची पानं त्यावर उघडतात का ते आयटीला आधी विचारा. आपल्या गोल पिनांचे चार्जर तिथल्या भिंतीत जात नाहीत, ॲडॉप्टर घ्या. हवा वाळवंटातली, ओठ फुटतात, रात्री चार-पाच अंशांपर्यंत उतरतं. नवे बूट नेऊ नका.

शेवटचा प्रश्न बहुतेक जण आडून विचारतात: 'कंपनीने नाही दिलं तर पदरचे पैसे घालून जाऊ का?' पुण्याहून, स्वतःच्या खिशातून? नको. पास, विमान, हॉटेल धरून चार लाखांच्या पुढे जातं, आणि तेवढ्यात घरी बसून मिळणार नाही असं फार थोडं हाती लागतं. मुंबईत एडब्ल्यूएसची समिट होते, ती मोफत असते. पुण्या-मुंबईत कम्युनिटी डे, म्हणजे एडब्ल्यूएस वापरणाऱ्यांनीच भरवलेले मेळावे, होतात, तिथे वक्ता कॉफीच्या रांगेत तुमच्या पुढेच उभा असतो. तुम्ही अमेरिकेत राहत असाल, सुट्टी शिल्लक असेल आणि नोकरी बदलायचा विचार असेल तर हिशेब वेगळा होतो, तेव्हा जा. करिअरची सुरुवातीची वर्षं असतील तर 'ऑल बिल्डर्स वेलकम' या नावाने एडब्ल्यूएसचं अनुदान आहे. निवड झाली तर पास, प्रवास आणि राहणं त्यात येतं. त्याचे अर्ज परिषदेच्या कितीतरी आधी बंद होतात आणि पात्रतेच्या अटी त्या त्या वर्षीच्या वाचाव्या लागतात.